तक्त्याबाहेरची एक

१

सोलापुरात सात रस्ता चौकाच्या अलीकडे एका चादरीच्या दुकानावर एक ऑफिस आहे. खाली चादरी विकतात आणि वर मरण. पाटीवर अर्थातच तसं लिहिलेलं नाही. पाटीवर इंग्रजी नाव आहे, रेल्वेच्या डब्यांसारखं लांबलचक. खालच्या दुकानदाराला ते अजून वाचता आलेलं नाही, आणि ज्यांना वाचता येतं त्यांना कळलेलं नाही.

श्रीदेवी तिथं नोकरीला होती. विमावाले आणि पेन्शनवाले आपापल्या माणसांची माहिती पाठवायचे, श्रीदेवी ती सॉफ्टवेअरच्या पोटात घालायची, आणि सॉफ्टवेअर सांगायचं, कोणत्या साली यांतले किती जण उरतील. कोण जाणार ते नाही, फक्त किती. कुडमुड्या जोशी दारात येऊन याहून जास्त सांगतो आणि त्याला एसीही लागत नाही. पण जोश्याला पेन्शनवाले खुर्ची देत नाहीत, हा फरक.

आत चालायचं ते असं. प्रत्येक माणूस एकेक वर्ष पुढं ढकलायचा आणि दर वर्षी त्याच्या नावानं फासा टाकायचा. फासा बरा पडला तर गडी पुढच्या वर्षात, वाईट पडला तर रामराम. किती वयाला कोणता फासा, हे एका तक्त्यात लिहिलेलं. तक्त्याची शेवटची ओळ एकशेवीस वर्षांची. तिथं पोचलेल्या चिवट म्हाताऱ्यासाठी सॉफ्टवेअर फासाबिसा टाकत नाही, सरळ बखोट धरून बाहेर काढतं. त्यामुळं पडद्यावरची रेघ पायऱ्या उतरत उतरत शेवटी शून्यावर यायचीच. कीर्तनकार आयुष्यभर जे घसा फोडून सांगतात ते हे यंत्र चहा होईस्तोवर दाखवायचं.

त्या दुपारी श्रीदेवीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा संपवला, बटण दाबलं आणि चहाला गेली. माहिती एका बंद पडलेल्या गिरणीच्या पेन्शनरांची होती. परत आली तर रेघ नेहमीसारखी उतरलेली. फक्त शून्याच्या जरा वर येऊन थांबली होती, आणि तिथून सपाट, पडद्याच्या कडेपर्यंत.

खाली लिहिलं होतं : शिल्लक एक.

श्रीदेवीनं पुढची शंभर वर्षं पाहिली. शिल्लक एक. त्याच्या पुढची शंभर पाहिली. सगळं सोलापूर, सिद्धेश्वराचं तळं, चादरी, चादरी पांघरणारे, सगळे गेले असतील अशा सालात जाऊन पाहिलं.

शिल्लक एक.

२

"राउंडिंग आहे," दिग्विजय सर म्हणाले. हे ऑफिसचे मालक. जगातली कुठलीही चूक यांच्या मते राउंडिंग असायची. बायको माहेरी गेली तेव्हाही त्यांनी हेच म्हटलं असणार.

"सर, पूर्ण एक आहे. अर्धं-पाव नाही."

"मंजुनाथला दाखव."

मंजुनाथनं सॉफ्टवेअरचा हा भाग लिहिला होता, त्यामुळं त्यात चूक असणं त्याला घराण्याचा अपमान वाटायचा. तो खुर्ची ओढून बसला. "काय बे हे," तो पडद्यालाच म्हणाला. त्यानं अर्धी माणसं काढून बटण दाबलं. शिल्लक एक. ती काढलेली अर्धी घेऊन दाबलं. शिल्लक एक.

"मग दोन्हीकडं आहे का हा बाबा?" श्रीदेवी म्हणाली.

"थांब की जरा."

त्यानं सगळीच माणसं काढून टाकली. फाइल रिकामी. पायऱ्या उतरायला कुणी नाहीच, तर रेघ दिसणार कुठून? मंजुनाथनं हसत बटण दाबलं.

रेघ आली. पहिल्या वर्षापासून सरळ, सपाट. माणसं शून्य. शिल्लक एक.

मंजुनाथचं हसू तोंडावर तसंच राहिलं, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखं. नेमकी तेव्हाच लाईट गेली. मागच्या गल्लीतले पॉवरलूम दिवसभर खडखडायचे. सोलापूरकराला तो आवाज ऐकू येत नाही, थांबला की मात्र कानात खड्डा पडतो. तसा खड्डा पडला. पंखा थांबला. इन्व्हर्टरवरचे दोन पडदे तेवढे उजळ. आणि त्या शांततेत, कपाटांच्या मागून, एक बारीक आवाज आला. कर्र. थांबला. कर्र, कर्र.

पाटीवर नवी पेन्सिल घासली की दात शिवशिवतात ना, तसा.

"इन्व्हर्टर आहे," मंजुनाथ म्हणाला.

इन्व्हर्टर दाराजवळ होता. दोघांनाही ते माहीत होतं. शिकलेल्या माणसाचं एक बरं असतं, भ्यायला झालं की तो कारण सांगतो. आमच्यासारखा सरळ पळाला असता.

लाईट आल्यावर श्रीदेवीनं एकटीनं त्या उरलेल्या एकाची माहिती उघडली. नाव कोरं. जन्मतारीख कोरी. वय, सहा. पुढच्या साली वय, सहा. त्याच्या पुढच्या साली, सहा. या ओळीवर फासा टाकलाच गेला नव्हता. सहा वर्षांचं काहीतरी तक्त्याच्या बाहेर उभं होतं आणि वाढत नव्हतं.

शेवटी एक रकाना असतो : अवलंबून कुणावर. नवरा गेला की बायकोला, आईबाप गेले की अपंग लेकराला पेन्शन लागते, त्यासाठीचा. पहिलं माणूस गेलं की या दुसऱ्याची पाळी. तोपर्यंत तिथं "प्रतीक्षेत" असं येतं.

प्रतीक्षेत, असं आलं होतं. आणि पुढं एका पेन्शनरचा नंबर होता.

श्रीदेवीला तो पाठ होता. दर महिन्याला बँकेत तीच तर भरायची. तिच्या आईचा.

३

श्रीदेवीचे वडील त्याच गिरणीत होते. ते गेल्यापासून त्यांची पेन्शन आईला, गुरम्माला, मिळायची. अक्कलकोट रोडला दोन खोल्यांत मायलेकी राहायच्या. गुरम्मा उंच, लांब हातांची बाई. फळीवरचा डबा काढायला तिला कधी स्टूल लागलं नाही, आणि श्रीदेवी लहान असताना पळून कुठंही गेली तरी तो हात पोचायचाच.

आता तीच गुरम्मा मोरीपर्यंत जाऊन आली की भिंत धरायची. हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, दुसरी बसवू, अजून हातात वेळ आहे, संक्रांतीपर्यंत थांबू नका. आणि गुरम्मानं तेवढंच स्पष्ट सांगितलं होतं, "ब्याड." नको.

त्या संध्याकाळी श्रीदेवीनं पुन्हा विषय काढला.

"अव्वा, डॉक्टरांचा फोन आलता."

"त्येला म्हनाव जेवलास का."

"अव्वा!"

"अगं, कार्डावर बघ की माजं वय. एकाहत्तर. ह्या वयात कुनी नवी झडप बसवतं व्हय? घर पाडायला काडलंय आन दाराला नवी कडी." ती हसली आणि हसताना तिला धाप लागली. "साकु गं. बास झालं. लई जगले. माज्या वाटनीपेक्षा जास्तच जगले."

"वाटणी कुणी केलती?"

गुरम्मा म्हणाली, "तुला न्हाई कळायचं," आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

श्रीदेवी तिच्या पाठीकडं बघत बसली. तिच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, प्रतीक्षेत. अव्वा गेली की पाळी सुरू होणारं, सहा वर्षांचं, कुठंतरी थांबलेलं. मंजुनाथची चूक असणार. मंजुनाथच्या चुका काय थोड्या असतात? मागं त्यानं एका सबंध गावाला पुरुष करून टाकलं होतं. असं स्वतःला समजावत तिनं पाणी प्यायला तांब्या उचलला, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. कर्र.

घरात पाटी नव्हती. पेन्सिल नव्हती. लहान मूल तर नव्हतंच.

गुरम्मा भिंतीकडं तोंड ठेवूनच झोपेत म्हणाली, "आले गं. थांब जरा."

४

दुसऱ्या दिवशी दिग्विजय सरांनी शोध लावला. "हे बघ! या गिरणीतल्या जवळजवळ सगळ्यांची जन्मतारीख एक जून! म्हणूनच सॉफ्टवेअर बिघडलंय. एकाच दिवशी एवढी माणसं जन्माला येतात का?"

सर पुण्याचे. त्यांना काय ठाऊक? आमच्याकडं पोरगं जन्मायचं कधीही, पेरणीत, सुगीत, बाजाराच्या दिवशी. पण शाळेत नाव घालताना गुरुजी तारीख विचारायचे, आई म्हणायची, "गुरुजी, तुमीच टाका," आणि गुरुजी टाकायचे एक जून. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना वय बरोबर भरतं. आख्ख्या जिल्ह्याचं बारसं गुरुजींनी एकाच दिवशी उरकून टाकलं.

"पेन्शनरांचा मेळावा आहे ना हयातीच्या दाखल्याचा? तिथं जा आणि प्रत्येकाला खरी तारीख विचार," सर म्हणाले.

श्रीदेवीला जायचंच होतं. आईला न्यायचं होतं. पेन्शनरानं दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे दाखवून द्यावं लागतं. नुसतं समोर उभं राहून चालत नाही, यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. यंत्र हिरवं झालं, टुंग वाजलं, की माणूस हयात.

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये लाल खुर्च्या मांडल्या होत्या. म्हातारी मंडळी लग्नाला यावी तशी आली होती. श्रीदेवीनं आईला पुढच्या रांगेत पंख्याखाली बसवलं आणि खऱ्या तारखा विचारायला सुरुवात केली. पहिलेच भेटले सिद्धलिंगप्पा मामा, वडिलांच्या खात्यातले. त्यांची खोड गिरणीलाही जिरवता आली नव्हती. उलट गिरणीच आधी बंद पडली.

"मामा, तुमचा खरा जन्म कधीचा?"

"कशाला? लगीन लावतीस का?"

"सॉफ्टवेअरला पाहिजे."

"त्येला म्हन, पत्रिका जुळंना." मग ते मागं वळून ओरडले, "अगं गिरिजाबाई, तुजा जन्म कवाचा?"

"हुरड्याच्या दिसांतला," गिरिजाबाई म्हणाल्या. "आय म्हनायची, कणीस वाकलं आन तू आलीस."

"आन वय कुनी ठरवलं?"

"गुरुजीनं. हात घालून बघितला की कानाला!"

हे म्हटल्याबरोबर हॉलभर खसखस पिकली. कारण सगळ्यांचं तसंच. उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला पुरली की पोरगं सहाचं, घ्या शाळेत. नाही पुरली की घरी जा, पुढच्या साली ये.

"धरा रे कान!" सिद्धलिंगप्पांनी फर्मान सोडलं. "बघू कोन कोन पास हुतंय!"

आणि हॉलमधली सगळी म्हातारी माणसं, कुणी गुडघे बदललेली, कुणी कवळीवाली, डोक्यावरून हात नेऊन कान धरून बसली आणि पोरांसारखी हसायला लागली. श्रीदेवीही हसली. तिनं फोन काढला, फोटो घ्यावा म्हणून.

तेव्हा तिला मागच्या रांगेत तो हात दिसला.

सगळ्यांच्या मागं, कोपऱ्यातल्या खुर्चीत, एक हात डोक्यावरून गेलेला. आखूड. सुरकुती नसलेला. पुढं बसलेल्यांच्या खांद्यांमुळं तोंड दिसत नव्हतं. बोटं कानाकडं ताणलेली, थरथरत होती, आणि बोटभर अंतर राहिलं होतं. पुरत नव्हती.

हसणं ओसरलं. हात खाली आले. खुर्ची रिकामी होती.

आणि टेबलावरचं अंगठ्याचं यंत्र, समोर कुणी नसताना, एकदा लाल झालं.

५

"अव्वा, चल घरी," श्रीदेवी म्हणाली.

पण गुरम्माचा हात अजून डोक्यावरच होता. त्या लांब हातानं तिनं नुसता कान नाही, कानाखालची मानसुद्धा धरली होती, आणि ती मागच्या कोपऱ्याकडं बघत होती.

"तुला बी दिसली व्हय?" ती हळूच म्हणाली.

"कोण?"

"अक्का." गुरम्मानं हात खाली घेतला. "माजी थोरली. नीलव्वा. सहाची हुती ती, मी चारची. बा दोगींना एकाच दिशी शाळंत घिऊन गेला. तिचा हात आखूड, न्हाई पुरला. माजा लांब, पुरला की! गुरुजी म्हनले, ही सहाची, घ्या. ही ल्हान हाय, पुडच्या साली आना. थोरली घरी, धाकटी शाळंत. दारापस्तोर रडत गेली बग. तरी रोज येऊन माजी पाटी घिऊन रेगा वडायची."

"मग पुढच्या साली?"

"पुडचं साल आलंच न्हाई तिला. श्रावणात ताप आला." गुरम्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कुटंच लिवलं न्हाई गं तिला. जल्मली ते न्हाई, गेली ते न्हाई. तिचं वय तेवडं माज्या नावावर पडलं. म्हनून म्हनते, मी माज्या वाटनीपेक्षा जास्त जगले."

श्रीदेवी विमागणित शिकली होती, त्यात याचा धडा नव्हता.

गुरम्मा उठली. भिंत नव्हती तर खुर्च्या धरत धरत ती मागं निघाली. श्रीदेवी आडवी आली. तिला तो रकाना आठवत होता. प्रतीक्षेत. "अव्वा, नको जाऊस. ती तुझ्यासाठीच थांबलीय."

"मग? एवडी साठ-पासष्ट वर्सं थांबलीय, आन मी दहा पावलं जाऊ नगं?"

कोपऱ्यातल्या त्या खुर्चीशेजारी ती जाऊन बसली. धाप आवरली. मग रिकाम्या खुर्चीकडं वळून, श्रीदेवीनं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा बारीक, धाकट्या बहिणीच्या आवाजात ती म्हणाली, "इल्ली बा, अक्का. माज्याजवळ ये. तुजं वय माज्याकडं राहिलंय. घे तुजं तुला."

श्रीदेवीनं आईचा दंड धरला. आता हिचा श्वास थांबणार, असं तिला वाटलं. हॉलमधले पंखे फिरत होते, पण आवाज कुठलाच येत नव्हता, लाईट गेल्यावर गल्लीत पडतो तसा खड्डा पडला होता. रिकाम्या खुर्चीची प्लास्टिकची पाठ करकरली. कुणीतरी टेकून बसावं तशी.

आणि पुढं टेबलावर यंत्र हिरवं झालं. टुंग.

"कुनाचा अंगठा लागला रं?" सिद्धलिंगप्पा ओरडले. "कोन हयात झालं?"

गुरम्मा श्रीदेवीकडं वळली. चेहरा घामानं डबडबलेला, पण डोळ्यांत मिश्कील चमक. ती चमक श्रीदेवीनं वडील गेल्यापासून बघितली नव्हती.

"कवा हाय म्हनलीस ते आपरेशन?"

"अव्वा?"

"अगं बघतीस काय! म्हातारी ती हाय. मी धाकटी."

६

ऑपरेशन सकाळी झालं. आत नेताना नर्सनं वय विचारलं, तर गुरम्मानं स्ट्रेचरवर पडल्या पडल्या हात डोक्यावरून नेऊन कान धरून दाखवला. नर्स केरळची. तिला वाटलं कान दुखतोय, तिनं तसं लिहूनही घेतलं.

श्रीदेवी दिवसभर बाकावर बसून राहिली. फोनवर सॉफ्टवेअर उघडता आलं असतं. आईचा नंबर घालून किती वर्षं ते बघता आलं असतं. तिनं फोन पर्समध्ये खाली, डब्याच्याही खाली, दडपून ठेवला. फासा टाकायचाच असेल तर ज्याचा त्यानं टाकावा.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. झडप बसली म्हणाले, काचेतून बघून घ्या.

काचेच्या पलीकडं हिरवट उजेड होता. गुरम्मा झोपली होती. दोन्ही लांब हात चादरीवर सरळ ठेवलेले, दोन्हींना नळ्या लावलेल्या. श्रीदेवीनं ते दोन हात आधी पाहिले. मग तिची नजर उशीवर गेली.

उशीमागून, गुरम्माच्या डोक्यावरून, एक हात पुढं आला होता. आखूड. बोटांवर पाटीच्या पेन्सिलीची पांढरी भुकटी.

बोटं गुरम्माच्या कानाला लागली होती. नीट, पक्की. पुरली होती.

श्रीदेवी ओरडली नाही. का नाही, ते तिला आजही सांगता येत नाही. काचेवर तिच्याच श्वासाची वाफ धरली. तिनं ती पदरानं पुसली, तेवढ्यात उशीवर फक्त आईचं डोकं होतं. बाजूचं यंत्र शांतपणे, एका ठेक्यात वाजत होतं.

७

श्रीदेवी कामावर परतली त्या दिवशी मंजुनाथ छाती काढून हिंडत होता. रेघ शून्यावर आली होती. भरल्या फाइलला शून्य, रिकाम्या फाइलला काहीच नाही.

"एक ओळ चुकली होती, मी नीट केली," तो म्हणाला.

"कुठली?"

"आता एवढं कुठं आठवतंय की."

"राउंडिंगच होतं," दिग्विजय सर आतून म्हणाले.

श्रीदेवीनं दोघांनाही चहा पाजला. माणसाला आपण जिंकलो असं वाटू द्यावं, त्याला त्यानं काही होत नाही. मग ती कपाटांच्या मागं जाऊन उगाच उभी राहिली. लूम खडखडत होते. लाईट गेली. खड्डा पडला, आणि त्यात काही नव्हतं. तिला थोडं चुकल्यासारखं वाटलं, पाहुणं न सांगता गेल्यावर वाटतं तसं.

या नोव्हेंबरात गुरम्मा त्याच हॉलमध्ये गेली, खुर्ची न धरता. टेबलावर नवा क्लार्क होता. तिनं अंगठा ठेवला. हिरवं. टुंग, एकदाच.

"आजी, वय एकाहत्तर का बहात्तर? कार्डावर पुसट झालंय."

"कार्डावरचं अक्काचं हाय," गुरम्मा म्हणाली आणि लांब हात पुढं करून कार्ड त्याच्या बोटांतून अलगद काढून घेतलं. "माजं आत्ता कुटं सुरू झालंय."